नेलचा आवाज

"पंखा बंद कर," फिरोज म्हणाला, "आणि बांगड्या काढून ठेव."

मी बांगड्या काढून स्टुलावर ठेवल्या. मिरजेत फिरोजच्या घराच्या माडीवर ती खोली होती. लग्नात, उरुसात साउंड सिस्टीम लावायचा त्याचा धंदा. रेकॉर्डिंगसाठी म्हणून त्यानं चारी भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या, खिडकीसुद्धा गादीनं बुजवली होती. एप्रिल महिना. पंखा थांबला तसं पाठीवरनं घामाचा ओघळ निघाला. समोर माईक, हातात कागद आणि कोपऱ्यात लोखंडी खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले श्रेणिकदाजी.

"वाच," फिरोज म्हणाला.

"'ह्या दाराला कुलूप आहे.'"

"परत."

"'ह्या दाराला कुलूप आहे.'"

फिरोजनं हेडफोन एका कानावरनं सरकवला. "अक्षता, तू तिच्यासारखं बोलायला बघतीयेस. तसं नको. तुझ्यासारखं वाच."

"नाही," कोपऱ्यातनं दाजी म्हणाले. "तिच्यासारखंच वाच."

फिरोजनं हेडफोन परत नीट लावला आणि मला बोटानं खूण केली.

ती म्हणजे माझी अक्का. त्रिशला. श्रेणिकदाजींची बायको. आदल्या दिवाळीनंतर ती गेली होती.

त्या दोघांची ओळखच मुळी एका गेममुळं झाली. शाळा संपल्यावर सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासला दोघं जायचे. तिथल्या सरांच्या भाच्यानं कुठनंतरी एक सीडी आणलेली, 'ऑरमंड आयलंड' नावाच्या गेमची. नेल नावाची मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला एका ओसाड बेटावर जाते. माऊसनं तिला इकडं तिकडं न्यायचं, वस्तू गोळा करायच्या, कुठली वस्तू कुठं उपयोगी पडते ते शोधायचं. मारामारी नाही, काही नाही. गेममध्ये कुणी बोलायचं नाही. नेल काय म्हणते ते खाली इंग्रजीत उमटायचं, आणि क्लासातल्या एकालाही ते धड कळायचं नाही. मग अक्का डिक्शनरी घेऊन शेजारी बसायला लागली. माऊस श्रेणिकचा, डिक्शनरी अक्काची. ती शब्द बघून मराठीत सांगायची आणि तो पुढं जायचा. बाप सापडेपर्यंत क्लासचा कोर्स संपला होता आणि ही दोघं एकमेकांना सापडली होती. दोन्ही घरं जैनच, त्यामुळं फार आरडाओरडा झाला नाही. चारचौघांत अक्का त्यांना 'अहो' म्हणायची, घरात 'श्रेणिक'.

लग्नानंतर काही वर्षांनी दाजींना इंटरनेटवर कळलं की तो गेम बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय, पण जगभरातली त्याची वेडी माणसं मिळून तो नव्यानं बनवतायत. कुणी पोलंडमध्ये बसून चित्रं काढत होतं, कुणी ब्राझीलमध्ये संगीत करत होतं. सगळं फुकट, नोकऱ्या सांभाळून. दाजीही त्यात शिरले. प्रोग्रॅमिंग त्यांच्याकडं आलं. नव्या गेममध्ये नेल बोलणार होती, इंग्रजीत, पोलिशमध्ये वगैरे. दाजींनी लिहून कळवलं, मराठीतही बोलेल. तिकडनं विचारणा झाली, मराठीत खेळणार कोण? दाजींनी उत्तर धाडलं, दोन माणसं तरी नक्की.

नेलचा आवाज अर्थातच अक्काचा. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, गोष्टी सांगायची सवय होती तिला. कागदावर लिहिलेलं ती कधीच तसंच्या तसं बोलायची नाही. नेलनं एका दगडावर दुसरा दगड घासला तर मूळ गेममध्ये ती 'काही उपयोग नाही' एवढंच म्हणते. अक्काची नेल म्हणायची, "अगं बाई, आता काय दगडाची चटणी वाटायची व्हय?" फिरोज चष्म्याच्या काचा पुसत हसायचा म्हणे, आणि त्याच्या हसण्यानं रेकॉर्डिंग वाया जायचं.

बेटावरच्या खाणीच्या तोंडापर्यंतचं रेकॉर्डिंग झालं आणि अक्काला ताप यायला लागला. ताप जाईना. मिरजेच्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. तरी मधे एकदा बरं वाटतंय म्हणून ती माडी चढून गेली, माईकसमोर बसली, दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. "नको," म्हणाली. "नेल आजारी वाटतीये. बरी झाल्यावर करू." ती बरी झाली नाही.

गेमचं बाकी सगळं काम होत आलं होतं. बाहेरचे लोक थांबले होते, दाजींना कुणी घाई करत नव्हतं. मार्चमध्ये एका रविवारी ते आमच्याकडं आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि मला म्हणाले, "अक्षता, फोनवर लोक तुमच्यात गल्लत करायचे की नाही?"

"करायचे."

"मग उरलेलं तू बोलशील?"

मी हो म्हणाले. कुठल्याही गोष्टीला हो म्हणाले असते.

त्यानंतर दर रविवारी दाजी मला मोटरसायकलवर मिरजेला घेऊन जायला लागले. आठवडाभर मी पतसंस्थेत काम करायचे, घरी आले की हेडफोन लावून अक्काचं रेकॉर्डिंग ऐकायचे. फिरोजनं सगळं दिलं होतं, चुकलेलं, खोकलेलं, मधेच पाणी मागितलेलं. अक्का वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर न्यायची, समोरच्यानं हुंकार द्यावा म्हणून थांबल्यासारखी. 'आहे' म्हणताना 'हे' लांबवायची. चोवीस वर्षं तिचं बोलणं ऐकून माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आता ऐकून ऐकून पाठ झालं. मी ते करून बघायला लागले आणि जमायला लागलं.

एका संध्याकाळी मी मधल्या खोलीत बसून तसंच करत होते. आप्पा हळदीच्या पेठेतनं यायचे होते. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून आईची भाकऱ्यांची घाई चाललेली. कानात हेडफोन, त्यामुळं माझा आवाज किती मोठा आहे ते मला कळत नव्हतं.

"अगं बाई," मी म्हणाले, "इथंपण चिखलच हे की!"

दार जोरात उघडलं. आई दारात उभी होती. दोन्ही हात पिठानं माखलेले.

"त्रिशा?" ती म्हणाली.

मी हेडफोन काढला. आईनं माझ्याकडं बघितलं, सगळ्या खोलीत बघितलं आणि चौकटीला धरून राहिली. निळ्या चौकटीवर तिचा पिठाचा हात उठला.

"मी आहे, आई."

"हां," ती म्हणाली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी ती हलली नाही. मग हळूच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "परत म्हण."

"आई..."

"म्हण की गं. एकदा."

मी म्हणाले. ती पदरानं तोंड दाबून ऐकत राहिली. मग परत म्हणायला लावलं. आप्पा आले आणि दारातच थांबले, तेव्हा कुठं ती उठली.

त्यानंतर आई बदलली. म्हणजे माझ्याशी बदलली. अक्काची मोरपंखी साडी कपाटातनं काढून म्हणाली, नेस की, पडून राहून विरायची. पानात अक्काला आवडायचं म्हणून मलाही कारळ्याची चटणी वाढायला लागली. मला ती आवडत नाही हे तिला माहीत होतं. मी खायचे.

आणि एक दिवस जेवताना ती आप्पांना म्हणाली, "श्रेणिकरावांच्या आईंशी बोलले मी."

"काय बोललीस?"

"दुसरं काय बोलणार? किती दिवस एकटं राहायचं त्या माणसानं? कुठली तरी परकी येणार, त्यापरीस आपली अक्षता काय वाईट आहे? त्या म्हणाल्या, आमच्या मनातलं बोललात. श्रेणिकला विचारून सांगतो."

आप्पांनी घास तसाच धरला. "पोरीला विचारलंयस काय?"

"ती नाही कशाला म्हणंल?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी आमटीत भाकरी कुस्करत होते. मी मान वर केली नाही, आणि नाही असंही म्हणाले नाही. आप्पा पुढं जेवायला लागले.

पुढच्या रविवारी दाजी आले तेव्हा मी मोरपंखी साडी नेसले होते. खरं तर दर रविवारी त्यांची मोटरसायकल आमच्या कोपऱ्यावर वळायच्या आधीच मी पायऱ्या उतरलेली असायची. त्या दिवशीही होते. त्यांनी साडी बघितली, नजर बाजूला घेतली आणि म्हणाले, "बस."

त्यांच्या आईंनी त्यांना विचारलंय का नाही, मला कळत नव्हतं. त्यांच्या शर्टाची कॉलर मागनं उसवली होती. अक्का असती तर असा शर्ट घालून तिनं बाहेर सोडलं नसतं. शिवायला मागावा का, ह्याचाच विचार करत मी मिरज गाठली.

त्या दिवशी शेवटचं रेकॉर्डिंग होतं. खाणीच्या तळाशी नेलला बाप सापडतो तो प्रसंग. फिरोजनं गेममधलं चित्र समोरच्या स्क्रीनवर लावलं होतं, पोलंडच्या त्या माणसानं काढलेलं. पाण्यात बुडालेले रूळ, कंदिलाचा पिवळा उजेड आणि भिंतीला टेकून बसलेला म्हातारा. मी वाचलं. एकदाही अडखळले नाही.

"'बाबा, उठा. चला, होडी वर थांबलीय. चालवत नसंल तर मी धरते.'"

फिरोज आमच्याकडं पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. त्यानं ओढणीसारखा गळ्यात टाकलेला टॉवेल तोंडावरनं फिरवला. "झालं," तो म्हणाला. "ह्याच्यापेक्षा बरं होणार नाही." मशिदीतनं असरची अजान ऐकू आली तसा उठला. "नमाज पढून येतो. अम्मीनं चहा ठेवलाय, खाली जाऊन घ्या."

तो गेला. मी कागद गोळा करायला लागले.

"अक्षता," दाजी म्हणाले.

ते फिरोजच्या खुर्चीत येऊन बसले होते. फिरोजचा हेडफोन त्यांच्या हातात होता.

"एक ओळ बोलशील? गेममधली नाही."

"कुठली?"

त्यांना ते सांगायला वेळ लागला. "मी कामावर निघालो ना, की रोज खिडकीतनं हाक मारायची. रुमाल विसरलेला असायचा. 'श्रेणिक, रुमाल कोण नेणार, तुझा सासरा?' असं."

मी हसले. अक्का अगदी अशीच बोलायची. ते हसले नाहीत. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि माईककडं हात केला.

मी माईकजवळ गेले. "श्रेणिक," मी म्हणाले. माझ्या तोंडातनं ते नाव पहिल्यांदा गेलं. "श्रेणिक, रुमाल कोण नेणार, तुझा सासरा?"

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता यायचं नाही. आजारपणात आणि नंतरही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आताही ते रडले नाहीत. उन्हातनं आलेल्या माणसाला घरात गार पाणी मिळावं तसा चेहरा झाला.

"परत," ते म्हणाले.

मी परत म्हणाले.

"परत."

मी किती वेळा म्हणाले मला आठवत नाही. दर वेळी अक्काचा आवाज जास्त जास्त जुळत गेला. शेवटी माझं मलाच ऐकवेना. मग ते 'परत' म्हणायच्या आधीच मी म्हणाले, "आणि दुपारी वेळेवर जेवत जा. किती वाळलाय तुम्ही."

त्यांनी डोळे उघडले. हेडफोन काढून मांडीवर घेतला.

"हे ती नव्हती म्हणत," ते म्हणाले.

"नाही. हे मी म्हणाले."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं, त्या माडीवर त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर साडीवर गेली आणि ते एकदम उठून उभे राहिले. खुर्ची मागं आपटली.

"चल," ते म्हणाले. "घरी सोडतो तुला."

खाली फिरोजच्या अम्मी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. दाजी त्यांना काही न बोलता पुढं गेले. मी उभ्या उभ्या एक कप प्याले, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्या म्हणाल्या, "तुझी भैन लई ग्वाड बोलायची गं."

सांगलीकडं येताना वाटेत उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ लागायचं. दाजींनी तिथं गाडी थांबवली. लिंबाच्या झाडाखाली बाकडी टाकली होती. बैल बाजूला बांधून ठेवलेला, चरक आता मोटरीवर चालायचा. दोन ग्लास आले. दोघांचेही तसेच राहिले. मोटरीचा आवाज थांबल्यावर दाजी म्हणाले, "आईंनी आमच्या घरी विचारलंय. ठाऊक आहे तुला?"

"हो."

"तुला विचारलं कुणी?"

"विचार, असं आप्पा आईला म्हणाले होते."

"मी विचारतोय. तुझं काय आहे?"

मी ग्लासवर बसलेली माशी हाकलली. "मी नाही म्हटलेलं नाही."

रस्त्यानं उसाची एक ट्रॉली गेली, पोरं मागनं ऊस ओढत पळत होती. ती लांब जाईपर्यंत दाजी तिकडंच बघत होते.

"मी नाही म्हणणार आहे," ते म्हणाले.

मी ग्लास बाजूला सरकवला.

"आत्ता मी काय केलं बघितलंस नव्हं? तुला उभं केलं आणि तिला बोलायला लावलं. तू थांबली नसतीस तर मी रात्र होईस्तोवर तेच केलं असतं. लग्न झाल्यावर रोज करीन, अक्षता. तोंडानं नाही म्हणणार, पण करीन. तू चहा घेऊन येशील आणि मी बघत बसेन की 'चहा झाला' कसं म्हणतीयेस. कधी तुझ्याशी बोलतोय आणि कधी तिच्याशी, तुला कळायचं नाही. मलाही कळायचं नाही."

"मला चालंल," मी म्हणाले.

ते मी माझ्या आवाजात म्हणाले होते. अगदी हळू. पण त्यांनी ऐकलं. त्यांनी डोक्याला हात लावला, कोपर बाकावर टेकवलं आणि तसेच बसले.

"तुला चालंल म्हणूनच नको," ते म्हणाले. "तुला चालू नये गं. तू त्रिशाची धाकटी बहीण आहेस. तुला असलं काही चाललेलं तिला खपलं असतं काय?"

गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, बर्फ टाकू का. दाजी नको म्हणाले, पैसे दिले आणि आम्ही निघालो. मागं बसून मी पदर तोंडाशी धरला होता. धूळ फार होती.

घरी आई वाटच बघत होती. तिनं चौरंगापाशी पाट मांडले होते, शिरा केला होता. आज होकार येणार असं तिनं धरलंच होतं. दाजी बसले नाहीत. चप्पलसुद्धा न काढता पायरीवरच उभं राहून त्यांनी सांगितलं.

आईला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "माझ्या पोरीत काय कमी आहे?"

"काही कमी नाही, आई."

"मग? तिचा आवाजसुद्धा..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो," दाजी म्हणाले. "तेच."

आई तिथंच खाली बसली. आप्पा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं बहुतेक. त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंत. जावा आता." दाजींनी दोघांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडं न बघता गेले. आईनं केलेला शिरा त्या दिवशी कुणी खाल्ला नाही. सकाळी आप्पांनी गाईला घातला.

मी त्या रात्री मोरपंखी साडी घडी करून कपाटात ठेवली आणि झोपले. रडले असेन. आईनं विचारलं नाही. मला त्याचं काही वाटलेलं नाही असं तिनं धरलं होतं, आणि दाजींचं नाव ती कितीतरी दिवस रागानं घ्यायची. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पंधरवडा गेला असेल, फिरोजचा फोन आला. "श्रेणिक म्हणतोय, खाणीतलं सगळं परत करायचं. तुझ्या स्वतःच्या आवाजात. तो येणार नाही. बघ, जमतंय का. नसंल जमत तर खाणीत नेल मुकी ठेवू, तसंही चालतंय म्हणालाय."

मी एसटीनं मिरजेला गेले. फिरोजनं पंखा बंद केला आणि मी वाचायला लागले. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. माझा आवाज कुठला तेच मला आठवेना. तोंड उघडलं की अक्का निघायची. फिरोजनं माईक बंद केला, खाली जाऊन अम्मींना बोलावून आणलं आणि मला म्हणाला, "हिला तुझ्या पतसंस्थेत काय काय चालतं ते सांग." मी सांगत बसले. मॅनेजर कसा आहे, कॅशियर डबा खाऊन कसा झोपतो. अम्मी हसायला लागल्या. बोलता बोलता फिरोजनं कधी कागद पुढं सरकवला, कळलंही नाही.

म्हाताऱ्या बापाची ओळ सगळ्यात शेवटी घेतली. "'बाबा, उठा.'" आधीच्याइतकी ती चांगली झाली नाही. फिरोज म्हणाला, राहू दे अशीच.

गेम आला. मराठीत तो किती जणांनी खेळला कोण जाणे, पण खेळला. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, सुंदर झालाय, फक्त खाणीत गेल्यावर नेलचा आवाज अचानक बदलतो, ती चूक दुरुस्त करता येईल का? दाजींनी खाली उत्तर लिहिलं होतं. ती चूक नाही. आधीचा आवाज माझ्या बायकोचा आहे, नंतरचा तिच्या बहिणीचा.

तोवर ते बंगळूरला गेले होते. दर वर्षी अक्काच्या पुण्यतिथीला यायचे, जेवून जायचे. आईचा राग हळूहळू उतरला. काही वर्षांनी त्यांनी हुबळीकडच्या एका बाईंशी लग्न केलं. मी भेटलेय त्यांना. चांगल्या आहेत, कन्नड मिसळून मराठी बोलतात. आवाज जाड आहे त्यांचा.

माझं लग्न जयसिंगपुरात झालं. माणूस चांगला मिळाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आप्पा गेल्यावर मी आईला माझ्याकडं घेऊन आले. तिचे गुडघे गेले होते, डोळ्यांना कमी दिसायचं. दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो. एकदा तिनं विचारलं, "त्या गेममध्ये त्रिशा अजून बोलती काय गं?"

मी लॅपटॉप तिच्या खाटेवर ठेवला आणि सुरू केला. नेल होडीतनं उतरली. "अगं बाई," अक्का म्हणाली, "इथंपण चिखलच हे की!" आईनं लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मग ते रोजचंच झालं. मी नेलला बेटावर फिरवायचे. किनाऱ्यावर, पडक्या चर्चमध्ये, कोळ्याच्या झोपडीत. मुद्दाम दगडावर दगड घासायचे. आई ऐकायची आणि मधेच म्हणायची, "लई आगाऊ होती." खाणीचं तोंड आलं की तिला कळायचं, तिथं वाऱ्याचा आवाज लावलेला होता. "आत नको," ती म्हणायची. "मागं फिर." मी मागं फिरायचे. सगळा पावसाळा असा गेला. नेलला खाणीत जायचंच होतं, आणि आम्ही तिला किनाऱ्यावर फिरवत होतो.

एका दुपारी वाऱ्याचा आवाज आला. मी सवयीनं नेलला मागं वळवलं.

"आत काय आहे?" आईनं विचारलं.

"अंधार आहे. पाणी आहे. तिचा बाप आहे."

"सापडतो तो?"

"सापडतो."

"आणि बोलतं कोण आतमध्ये?"

"मी."

आईनं उशीवर डोकं नीट करून घेतलं, पदर सारखा केला.

"मग जा की," ती म्हणाली. "मी कुठं नाही म्हणतीये."

मी माऊस दाबला. खाणीत उतरायचा लोखंडी पाळणा करकरत खाली जायला लागला, स्क्रीन काळी होत गेली. "'बरंच खोल दिसतंय,'" नेल म्हणाली. आईनं डोळे मिटले. कान माझ्या बाजूला केला.

"मोठ्यानं कर जरा," ती म्हणाली.